गाडीचा विमा : वर्षाचा हप्ता बरोबर आहे का?

मागच्या महिन्यात रविवारच्या वर्गात आपला विषय होता 'घरखर्च'. प्रत्येकाने घरातला एक खर्च निवडायचा आणि त्याबद्दल पाच वाक्यं बोलायची. कुणी वाणसामान घेतलं, कुणी विजेचं बिल. स्टेट कॉलेजमधल्या एका मुलीने गाडीचा विमा घेतला. तिचं पाचवं वाक्य असं होतं : "आम्ही सहा महिन्यांचे पैसे भरले, एकही अपघात झाला नाही, तरी पैसे परत आले नाहीत. हे फेअर आहे का, दादा?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर देताना अडखळलो. कारण अगदी हाच प्रश्न मी लहानपणी घरात ऐकला होता. आमच्याकडे एक जुनी स्कूटर होती. दरवर्षी विम्याचे कागद नवे करायची वेळ आली की बाबा कुरकुर करायचे. "वर्षभर गाडी नीट चालवली, कुणाला साधा धक्का लागला नाही, तरी यांना पैसे द्यायचेच!"

त्या मुलीला वर्गात अर्धवट उत्तर दिलं. आज पूर्ण उत्तर देतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. विम्याचे पैसे वर्षाचे किंवा सहा महिन्यांचे एकत्र ठरतात, यात मला अन्याय दिसत नाही. अन्याय दुसरीकडे आहे. किंमत ठरवताना तुम्ही गाडी कशी चालवता याच्या जोडीला तुमचा खिसा केवढा आहे हेही पाहिलं जातं, तिथे.

हप्ता म्हणजे काय?

आधी शब्द समजून घेऊ. विम्यासाठी आपण जे पैसे भरतो त्याला मराठीत 'हप्ता' म्हणतात. फारसी भाषेत 'हफ्त' म्हणजे सात. त्यावरून 'हफ्ता' म्हणजे सात दिवस, आठवडा. मराठीत आल्यावर त्याचा आणखी एक अर्थ झाला : ठरलेल्या वेळी भरायची रक्कम. हिंदी सिनेमे पाहणाऱ्यांना तिसरा अर्थही माहीत असेल. गुंड दुकानदाराकडून 'हप्ता' घेतो! माझ्या बाबांना विम्याचा हप्ता या तिसऱ्या अर्थाचाच वाटायचा.

पण तो तसा नाही. हे समजायला एक सोपा हिशोब करू. आकडे मी मनाने घेतले आहेत.

समजा, एका गावात १,००० लोक गाडी चालवतात. प्रत्येकाने वर्षाला १,००० डॉलर भरले. एकूण १० लाख डॉलर जमले. त्या वर्षी ४० लोकांना अपघात झाला आणि प्रत्येक अपघाताचा खर्च सरासरी २०,००० डॉलर आला. म्हणजे ८ लाख डॉलर त्यात गेले. उरलेले २ लाख कंपनीचा कारभार, पगार आणि नफा यांत गेले. आता ज्या ९६० लोकांना अपघात झाला नाही, त्यांना पैसे परत दिले तर त्या ४० जणांचा खर्च कुठून करायचा?

वर्षाच्या सुरुवातीला ते ४० जण कोण, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच सगळे पैसे भरतात. आपले पैसे वाया जात नाहीत. ते दुसऱ्याच्या कामी येतात. आणि आपली पाळी आली की दुसऱ्यांचे पैसे आपल्या कामी येतात.

माझी पाळी एका नोव्हेंबरमध्ये आली. लुईसटाउनहून ३२२ नंबरच्या रस्त्याने रात्री घरी येत होतो. डोंगर उतरताना एक हरिण अचानक समोर आलं. मला काही झालं नाही, पण गाडीचं तोंड पार चेपलं. दुरुस्तीचा खर्च मी तोपर्यंत भरलेल्या सगळ्या हप्त्यांपेक्षा जास्त होता. माझी गाडी त्या वर्षी हरीण न धडकलेल्या लोकांच्या पैशांनी दुरुस्त झाली. त्यांच्यापैकी कुणीतरी आपल्या घरी म्हणालं असेल, "पैसे फुकट गेले!"

दर महिन्याला का नाही?

मग प्रश्न येतो : फोनचं बिल दर महिन्याला, मग विमाच वर्षाचा का? भारतात गाडीचा विमा साधारणपणे एक वर्षाचा असतो. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांचा देतात, काही वर्षाचा. पैसे दर महिन्याला भरता येतात, पण करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचाच असतो.

याचं कारण समजायला पुन्हा हरणाकडे जाऊ. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या विणीचा हंगाम असतो. तेव्हा ती रस्त्यावर जास्त येतात. हरणाच्या धडकेचं नुकसान विम्याच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' या भागातून मिळतं. तो भाग घ्यायचा की नाही, हे आपण ठरवू शकतो. आता समजा, हा विमा एकेका महिन्यापुरता मिळाला असता. मग मी तो फक्त ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये घेतला असता. तुम्हीही तेच केलं असतं. सगळ्यांनी तेच केलं असतं! मग त्या दोन महिन्यांत कंपनीला किंमत खूप वाढवावी लागली असती. बर्फाच्या दिवसांतही तेच.

मराठीत एक म्हण आहे : तहान लागल्यावर विहीर खणणे. विमा ही विहीर आहे. ती तहान लागायच्या आधी, सगळ्यांनी मिळून खणायची असते. त्यासाठी काळ इतका मोठा हवा की त्यात चांगले आणि वाईट, दोन्ही दिवस यावेत. वर्षात सगळे ऋतू येतात. सहा महिन्यांचा विमा असला तरी तो पुन्हा पुन्हा नवा करत गेलं की वर्ष पूर्ण होतंच.

वर्षाच्या कराराचा आपल्यालाही फायदा असतो. करार चालू असताना मध्येच "आम्हाला वाटलं म्हणून" कंपनी दर वाढवू शकत नाही. पेनसिल्व्हेनियात पॉलिसीचे पहिले ६० दिवस संपले की ती मध्येच रद्द करायला मोजकीच कारणं चालतात. उदाहरणार्थ, हप्ता भरला नाही किंवा चालकाचा परवाना गेला. आणि आपण स्वतः गाडी विकली, विमा बंद केला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. काही कंपन्या त्यातून थोडी रक्कम कापून घेतात, पण बाकीचे मिळतात. म्हणजे आपण पैसे एकदम भरले तरी कंपनी ते एकेका दिवसाने कमावते.

पाच वर्षांचा का नाही?

महिना लहान पडतो, मग काळ आणखी मोठा का नको? भारतात तसा प्रयोग चालू आहे. तिथे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. तुमच्या गाडीने ज्याला इजा झाली तो. पण खूप लोक, विशेषतः दुचाकीवाले, नवीन गाडी घेताना विमा घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तो नवा करायचे नाहीत. मग अपघात झाला की जखमी माणसाला भरपाई मिळणं कठीण व्हायचं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नियम बदलला. नवीन कारला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेले दर पाहा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी एका वर्षाचे ७१४ रुपये आणि नव्या गाडीसाठी पाच वर्षांचे एकदम ३,८५१ रुपये. आता वहीत गुणाकार करा : ७१४ गुणिले ५ म्हणजे ३,५७०. म्हणजे एकदम भरणाऱ्याला २८१ रुपये जास्त पडतात. असं का? मला वाटतं, पुढच्या पाच वर्षांत दवाखान्याचा खर्च किती वाढेल, भरपाई किती द्यावी लागेल, हे सांगणं अवघड आहे. जितका काळ मोठा, तितका अंदाज चुकायची भीती मोठी. त्या भीतीचीही किंमत असते.

थोडक्यात, महिना फार लहान आणि पाच वर्षं फार मोठी. वर्ष हे मधलं माप आहे.

आपल्या गावात हे माप जुनं आहे. पूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा कारागिरांना प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत नसत. पीक आलं की शेतकरी त्यांना धान्याचा ठरलेला वाटा देई. त्याला 'बलुतं' म्हणत आणि ते घेणाऱ्याला 'बलुतेदार'. नांगर वर्षात एकदा मोडला काय आणि चारदा मोडला काय, सुताराचा वाटा साधारण तोच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात या पद्धतीचं सविस्तर वर्णन आहे.

पण बलुतं ही चांगली पद्धत होती, असं मी म्हणत नाही. त्यात मोठा अन्याय होता. कुणी कोणतं काम करायचं आणि कुणाला किती वाटा मिळायचा, हे जन्मावर, जातीवर ठरायचं. सगळ्यात कष्टाची कामं करणाऱ्यांना सगळ्यात कमी मिळायचं. दोष वर्षाच्या मापात नव्हता. माणसाचं मोल जन्मावरून ठरवण्यात होता.

विम्याकडेही मी असंच पाहतो. किती काळाचे पैसे घेता, यापेक्षा कशावरून किती घेता, हा प्रश्न मोठा आहे.

कशावरून किती?

पेनसिल्व्हेनियात हा प्रश्न कोर्टात गेला होता. पूर्वी इथे तरुण मुलांना तरुण मुलींपेक्षा जास्त हप्ता भरावा लागायचा. एका तरुणाने तक्रार केली : "मी नीट गाडी चालवतो. केवळ मी पुरुष आहे म्हणून मला जास्त पैसे का?" विमा कंपनीचं म्हणणं होतं की आकडे आमच्या बाजूने आहेत, तरुण मुलगे जास्त अपघात करतात. १९८४ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तरुणाच्या बाजूने निकाल दिला. या राज्याच्या घटनेत १९७१ पासून स्त्री-पुरुष समानतेचं कलम आहे. न्यायालयाने सांगितलं की आकडे असले तरी असा भेद अन्याय्य आहे. युरोपियन युनियनमध्येही डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुषांना विम्याचे वेगळे दर लावता येत नाहीत.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट आकड्यांत खरी असली, म्हणून ती न्याय्य होतेच असं नाही, हे त्याने सांगितलं.

आता आजचं पाहू. पेनसिल्व्हेनियात विमा कंपन्या हप्ता ठरवताना तुमचा क्रेडिट इतिहास पाहू शकतात. म्हणजे तुम्ही आधी कर्ज घेतलं का, ते वेळेवर फेडलं का, वगैरे. त्याचा ब्रेक दाबण्याशी काय संबंध? कंपन्यांकडे उत्तर आहे आणि ते खोटं नाही. २००७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अहवालात म्हटलं होतं की अशा क्रेडिट गुणांवरून क्लेमचा अंदाज बऱ्यापैकी येतो. पण १९८४ मध्येही आकडे होतेच ना? कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत गाडीच्या विम्यासाठी क्रेडिट पाहायला बंदी आहे. तिथेही विमा कंपन्या चालतात, गाड्याही चालतात.

हे मला का खटकतं, तेही सांगतो. मी पुण्यात आठ वर्षं गाडी चालवली. एकही क्लेम केला नाही. भारतात क्लेम केला नाही की स्वतःच्या गाडीच्या विम्यावर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, आणि वाढत वाढत पाच वर्षांनंतर ५० टक्के. मी ती पूर्ण सूट मिळवली होती. इथे आलो, जुनी गाडी घेतली आणि विम्यासाठी फोन केला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की तुमचा इथला अनुभव शून्य आणि क्रेडिट इतिहासही शून्य. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. पुढे त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांचे एकदम भरलेत तर सूट आहे. दर महिन्याला भरलेत तर प्रत्येक वेळी काही डॉलर जास्त लागतील." तेव्हा माझ्याकडे एकदम भरायला पैसे नव्हते. घराचं डिपॉझिट, पलंग, जाड कोट यांत सगळे गेले होते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याकडून पैसे जास्त!

अनुभव शून्य धरला, ते मी समजू शकतो. इथले रस्ते नवे, नियम नवे, बर्फ तर मी पहिल्यांदाच पाहिला. पण बाकीच्या दोन गोष्टींचा माझ्या गाडी चालवण्याशी काहीच संबंध नव्हता.

"मग विमा घेऊ नको," असं कुणी म्हणेल. पण तो आपल्या हातात नाही. पेनसिल्व्हेनियात विम्याशिवाय गाडी चालवली तर कमीत कमी ३०० डॉलर दंड होतो. शिवाय गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना, दोन्ही तीन महिने बंद होऊ शकतात. आणि गाडी नको म्हणावं, तर फिलिप्सबर्ग किंवा लुईसटाउनला राहून स्टेट कॉलेजमध्ये कामाला येणारा माणूस काय करेल? सक्ती असू नये, असं मी म्हणत नाही. सक्तीचा विमा प्रामुख्याने समोरच्या माणसासाठी असतो आणि तो हवाच. पण जी वस्तू घ्यावीच लागते, तिची किंमत ठरवताना जास्त काळजी घ्यायला हवी.

आणि वयाचं काय?

तुमच्यापैकी जे सोळा वर्षांचे होत आहेत, ते आता विचारतील : "मग आम्हाला वयावरून जास्त पैसे का? आम्ही पण अजून काहीच केलं नाही!"

इथे मी तुमच्या बाजूने नाही. रागावू नका. सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात, मैलांच्या हिशोबाने, वीस वर्षांवरच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट असतात. यामागे अनुभव कमी असणं हे मोठं कारण आहे, आणि अनुभवाचा गाडी चालवण्याशी सरळ संबंध आहे. म्हणूनच पेनसिल्व्हेनियात अठरा वर्षांखालच्या मुलांना परवान्याच्या परीक्षेआधी मोठ्या माणसाबरोबर ६५ तास गाडी चालवावी लागते. त्यातले १० तास रात्री आणि ५ तास खराब हवेत. शिवाय वय कुणाचंच थांबत नाही. आज तुम्ही जास्त भरता, उद्या कमी भराल. तुमचे आई-बाबाही कधीतरी सोळा वर्षांचे होते. गरिबीचं मात्र तसं नाही. ती वाढदिवस आला की आपोआप जात नाही.

मला काय हवं?

मला तीन बदल हवे आहेत. एक, हप्ता ठरवताना क्रेडिट इतिहास पाहू नये. दोन, दर महिन्याला पैसे भरणाऱ्याकडून जास्त पैसे घेऊ नयेत. घ्यायचेच असतील तर खरा जेवढा खर्च येतो तेवढेच घ्यावेत. तीन, गाडी किती मैल चालते, याला जास्त महत्त्व द्यावं. जो विद्यार्थी आठवडाभर बसने फिरतो आणि फक्त शनिवारी किराणा आणायला गाडी काढतो, त्याचा धोका रोज साठ मैल जाणाऱ्यापेक्षा कमी आहे. भारतात जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने 'जेवढी चालवाल तेवढे भरा' अशा प्रकारच्या विम्याला परवानगी दिली. इथेही काही कंपन्या असा विमा देतात. त्यासाठी गाडीत यंत्र किंवा फोनमध्ये ॲप ठेवावं लागतं. आपण कुठे जातो हे कंपनीला कळावं का, हा त्यातला वेगळा प्रश्न आहे. त्यावर मत तुम्ही लिहा.

आता त्या मुलीला माझं उत्तर : पैसे परत न येणं फेअर आहे. ते कुणाच्या तरी मोडलेल्या गाडीसाठी, कुणाच्या तरी दवाखान्यासाठी गेले. पण ते पैसे किती असावेत, हा प्रश्न विचारायला तू अगदी बरोबर आहेस. घरी विम्याचा कागद असेल, तो आई-बाबांबरोबर बसून वाच. तारीख कधीपासून कधीपर्यंत आहे ते बघ. हप्त्याने भरत असाल तर त्याचे किती डॉलर जास्त लागले, तेही शोध. पुढच्या रविवारी आकडा घेऊन ये. आपण वर्गात फळ्यावर हिशोब मांडू.

विचार करा आणि बोला

१. 'हप्ता' या शब्दाचे कोणते तीन अर्थ या पाठात आले?

२. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण तुमच्या शाळेच्या किंवा घरच्या एखाद्या प्रसंगाला लावून सांगा.

३. लेखकाला क्रेडिटवरून हप्ता ठरवणं पटत नाही, पण वयावरून पटतं. तो कोणती कारणं देतो? ती तुम्हाला पटतात का?

४. तुमच्या आजी-आजोबांना किंवा नातेवाइकांना फोन करून विचारा : भारतात त्यांच्या गाडीचा विमा किती काळाचा आहे? मिळालेलं उत्तर पाच वाक्यांत लिहा.